महालक्ष्म्यांच्या आधीची रेष

क्रांती चौकातल्या मेडिकलवाल्यानं दोन्ही वस्तू एकाच खाकी पाकिटात घातल्या. एक पाळी पुढं ढकलायच्या गोळ्यांची पट्टी, आणि एक प्रेग्नन्सी टेस्टचं किट. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. महालक्ष्म्यांच्या आधीच्या आठवड्यात त्याच्याकडं निम्म्या बायका त्या गोळ्यांसाठीच येतात आणि तो कुणालाच चिठ्ठी मागत नाही. पण दोन्ही एकदम नेणारी मी एकटीच असणार. एक वस्तू पाळी येऊ नये म्हणून, दुसरी ती खरंच येणार नाहीये का ते बघायला. माझं मलाच हसू आलं, पण रिक्षात बसेपर्यंत तेही टिकलं नाही.

माझं सासर वैजापूरचं. नोकरीपायी आम्ही दोघं शहरात, उस्मानपुऱ्यात भाड्यानं राहतो. पण गणपतीतले महालक्ष्म्यांचे तीन दिवस वैजापूरलाच. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्यातला दुसरा दिवस बाईचा जीव काढतो. सोळा भाज्या, आंबील, पुरणाच्या पोळ्या, आणि शेजारपाजार धरून पन्नासेक माणसांची पंगत. मी घरातली एकुलती एक सून. सासूबाईंच्या गुडघ्यांनी तीन वर्षांपूर्वीच राजीनामा दिलाय, त्यामुळं पुरण माझ्याकडं. आणि पाळी आलेल्या बाईचा हात त्या स्वयंपाकाला लागत नाही. तिनं मागच्या खोलीत चटईवर बसायचं. शहरात मी हे काही पाळत नाही. वैजापूरला पाळते. दोन तासांच्या अंतरावर देव बदलतात असं नाही, पण तिथं वाद घालायला जेवढी ताकद लागते तेवढी माझ्यात उरलेली नाही.

म्हणून गोळ्या. पाळीच्या तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करायच्या, सण उरकला की बंद. मागची दोन वर्षं मी निमूटपणे घेतल्या होत्या. डोकं दुखायचं, पोट फुगायचं, पण पुरण व्हायचं.

यंदा पाळीची तारीख बरोबर महालक्ष्म्या यायच्या दिवशीच पडत होती. सासूबाईंनी हिशेब माझ्या आधी केला होता. त्यांचा फोन आला, "पट्टी आणून ठिव बरं का. मागल्या टायमाला ऐनवेळी सापडत नव्हती."

"आणली आई," मी म्हणाले.

किटबद्दल मी त्यांना काही बोलले नाही. चार वर्षं आम्ही मूल व्हावं म्हणून धडपडत होतो. धडपडत हा शब्दही आता मोठा वाटतो. पहिल्या वर्षी धडपड होती, नंतर ते महिन्याचं वाणसामान भरण्यासारखं झालं. तारखा, गोळ्या, सोनोग्राफी, आणि महिन्याच्या शेवटी किट. दोघांच्याही तपासण्या ठीक. डॉक्टरबाई म्हणायच्या, "काहीच दोष नाही." हे ऐकायला बरं वाटतं असं लोकांना वाटतं. दोष असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

त्या चार वर्षांत मी रेषा वाचायला शिकले. किटच्या खिडकीत दोन जागा असतात. एका ठिकाणची रेष नेहमीच येते, ती फक्त किट चांगलं आहे एवढंच सांगते. दुसऱ्या जागेवर आली तर आई होणार. लोकांना वाटतं रेष येते किंवा येत नाही. तसं नसतं. मध्ये एक लांबलचक गल्ली आहे आणि मी तिथली जुनी रहिवासी. कधी रेष राखाडी दिसते, ती खोटी. कधी दहा मिनिटांनी उगवते, ती वाळल्यामुळं आलेली, तीही खोटी. कधी ती असते, पण डोळा मिटून उघडला की नसते. मोबाइलवर मराठी बायकांचा एक ग्रुप आहे. तिथं रोज सकाळी किटचे फोटो पडतात आणि खाली तोच प्रश्न, "ताई, दिसते का गं?" मी कधी फोटो टाकला नाही, पण सगळ्यांचे बघत आलेय. ज्यांना दिसते त्या दुसऱ्या महिन्यात ग्रुप सोडून जातात. आम्ही काही जणी मात्र तिथंच, शाळेत नापास झालेल्या पोरींसारख्या.

गंमत म्हणजे माझी नोकरीही रेषांचीच. वाळूजच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे. मशीनवरून आलेला पार्ट दिव्याखाली धरायचा आणि केसाएवढी तरी चीर आहे का ते बघायचं. शंका आली तरी पार्ट लाल डब्यात. दिवसभर मी रेष नसावी म्हणून बघते आणि सकाळी बाथरूममध्ये असावी म्हणून. डोळे तेच.

तारखेच्या तीन दिवस आधीची सकाळ. त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं, त्यामुळं नवरा पाचलाच उठून गच्चीवर टाकीशी झटापट करत होता. आमच्याकडं पाणी आठ-दहा दिवसांनी येतं, त्या दिवशी घरात दुसरं काही महत्त्वाचं नसतं. मी बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसून तीन थेंब टाकले. नियमाप्रमाणं पाच मिनिटं बघायचं नाही. मी बघितलं. गुलाबी पाणी सरकत गेलं, नेहमीची रेष उमटली, आणि तिच्या शेजारी, चौथ्या मिनिटाला, काहीतरी.

काहीतरीच. मी ट्यूबलाइटखाली धरलं, खिडकीशी धरलं, तिरकं केलं, मोबाइलच्या उजेडात धरलं. मग फोटो काढून त्याचे रंग उलटे केले. होती. फिकी, पण गुलाबी, आणि वेळेत आलेली. एखाद्या पार्टवर अशी चीर दिसली असती तर मी एक सेकंदही विचार केला नसता.

नवरा ओल्या पायांनी आत आला तेव्हा मी किट त्याच्यासमोर धरलं. तो स्वभावानं फार सरळ माणूस आहे आणि त्याचाच मला राग येतो. आजवर प्रत्येक वेळी त्यानं "मला एकच दिसते" असं खरं खरं सांगितलं होतं. त्या दिवशी बहुधा माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. तो म्हणाला, "हो, दिसते की, चांगली ठळक आहे." मी बघितलं तर तो नेहमीच्या, सगळ्यांनाच येणाऱ्या रेषेवर बोट ठेवून बोलत होता.

"ती नाही," मी म्हणाले.

"मग कुठली?"

मी किट काढून घेतलं. गच्चीवरून पाणी वाहायचा आवाज आला आणि तो पळाला.

आता गोळीचं काय करायचं? पहिली गोळी त्याच दिवशी घ्यायला हवी होती. पट्टीबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की गर्भ असल्यास घेऊ नये. रेष खरी असेल तर गोळी घेऊन मी स्वतःच्या हातानं माती करणार. रेष खोटी असेल आणि गोळी घेतली नाही, तर ऐन महालक्ष्म्यांत पाळी येणार, पुरण राहणार, सासूबाई दुखऱ्या गुडघ्यांवर दिवसभर उभ्या राहणार आणि पुढची पाच वर्षं ते ऐकवणार. हे सगळं ठरणार होतं एका रेषेवर, जी घरातल्या दोन माणसांपैकी एकालाच दिसत होती.

मी गोळी घेतली नाही. यात काही धीर वगैरे नव्हता. आशा लई वाईट असते, ती आपल्याला विचारून येत नाही. दुपारी कंपनीत सासूबाईंचा फोन आला, "सुरू केल्या ना?"

"हो," मी म्हणाले.

घरी येताना मी आणखी तीन किटं घेतली. दुसऱ्या दिवशी रेष तशीच. तिसऱ्या दिवशीही तशीच. खरं तर ती गडद व्हायला हवी. ग्रुपवरच्या बायका रोजची किटं एकाखाली एक मांडतात आणि रेष कशी गडद होत गेली ते दाखवतात. माझी तीन किटं मांडली तर तिन्ही सारखी. मी स्वतःची समजूत घातली की किटची शाई कमीजास्त असते. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मी तिला म्हटलं असतं, बाई गं, उगाच जीव नको टांगून ठेवूस. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान. शिवाय मी फार दमले होते. कामानं नाही. दर महिन्याला तेवढीच आशा नव्यानं करायची, आणि ती आपण करत नाही आहोत असं दाखवायचं, यानं.

त्या संध्याकाळी आम्ही वैजापूरला गेलो. घर साधंच, मार्केट यार्डाच्या मागं, सासऱ्यांनी कांद्याच्या चांगल्या वर्षी बांधलेलं. पोचल्या पोचल्या सासूबाईंनी माझ्या हातात सोळा भाज्यांची पिशवी दिली आणि नेहमीचं सुरू झालं. कारली अशी का चिरलीस, भेंडी ओली कशी, तिकडं शहरात तुम्ही नुसतं कुकर लावून खाता का. मी हो हो म्हणत होते. मनातल्या मनात मी पोटातल्याशी बोलत होते. हे सांगायला लाज वाटते, पण बोलत होते. म्हणत होते, ही तुझी आजी, बोलते जास्त, मनावर घेऊ नकोस.

महालक्ष्म्या यायच्या दिवशी, म्हणजे पाळीच्या तारखेला, पाळी आली नाही. पहाटे सासरच्या बाथरूममध्ये मी पर्समधून लपवून आणलेलं शेवटचं किट काढलं. रेष होती. आदल्या दिवसापेक्षा फिकी होती. हे मला दिसलं आणि मी ते बघितलं नाही असं ठरवलं. तिथला दिवाच पिवळा आहे, असं म्हणून किट कागदात गुंडाळून पिशवीच्या तळाशी खुपसलं. त्याआधी फोटो मात्र काढला.

संध्याकाळी महालक्ष्म्या आल्या. दारापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावलं, ताट-चमच्याचा गजर, मुखवटे, नव्या साड्या. आमच्याकडं दोन्ही देवींच्या पुढ्यात त्यांची बाळं ठेवतात, एक मुलगा, एक मुलगी, कापडी, झबली घातलेली. ज्या सुनेला मूल नाही तिच्या ओटीत ती बाळं आधी देतात आणि मग देवीपुढं बसवतात. सहा वर्षं माझ्या ओटीत ती पडतायत. दर वर्षी शेजारच्या बाया "पुढल्या वर्षी खरं येऊ दे गं माय" म्हणतात आणि मी दात काढून हसते, आतून तळपायाची आग मस्तकात जात असते. त्या दिवशी मात्र मी ती बाळं नीट धरली. मुलीच्या झबल्याची नाडी सुटली होती, ती बांधली. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून अंघोळ केली. डाळ शिजायला लावली. सहाच्या सुमाराला ती रोवळीत उपसली, गूळ चिरायला घेतला आणि पोटात ओळखीची कळ आली. मी विळी बाजूला ठेवून बाथरूममध्ये गेले. रक्त होतं. बरंच होतं.

डोक्यात एकच आलं, गोळी घेतली असती तर पाळी थांबली असती, मग हेही थांबलं असतं का? टिकलं असतं का? नंतर डॉक्टरबाईंनी सांगितलं की तसं काही नसतं, जे टिकणार नव्हतं ते गोळीनंही टिकलं नसतं. पण त्या सकाळी मला सांगायला कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, घेतली नाही म्हणूनही मीच चुकले आणि घेतली असती तरी मीच चुकले असते.

मी बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. सासूबाई स्टुलावर बसून पुरणाच्या भांड्यात गूळ टाकत होत्या. मी आत येत नाही हे बघून त्यांचा हात थांबला.

"काय गं?"

मी नुसती मान हलवली. त्यांना कळलं. ज्या बाईचा जन्म या उंबऱ्याच्या आतबाहेर गेला तिला कळायला वेळ लागत नाही.

"अन् गोळ्या?"

"नाही घेतल्या."

"नाय घेतल्या?" त्यांचा आवाज चढला. "मी दोनदा फोन केला तुला! व्हय म्हणलीस ना? वर्षातून एकदा देवी येती घरी, तेवढं बी होईना का तुमच्याच्यानं? पन्नास माणूस जेवायचंय, कोण करणार आता? मी करू? या पायांनी?"

त्या तणतणत राहिल्या, भांड्यावर झाकण आपटलं. दाराकडं एकदा बघितलं. पाणी भरणारी बाई अजून आली नव्हती. सासरे आणि नवरा केळीची पानं आणायला गेले होते. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ. मला तू काय सांगितलंच नाय. परत अंघोळ कर अन् लाग कामाला. त्या बी बायाच हायत. त्यांना कळतं समदं."

किती वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. मागच्या खोलीत धान्याच्या कोठीशेजारी चटईवर बसून मी किती वेळा मनात भांडले होते की यात विटाळ कसला, मी काय घाण आहे का. आणि आता त्या स्वतःहून मोकळं करत होत्या तर मला त्या पुरणाकडं बघवेना. पन्नास माणसांना वाढत, हसत, "पुढल्या वर्षी येऊ दे" ऐकत दिवसभर उभं राहायचं, आणि खाली सगळं वाहून चाललेलं.

"आई, मला बसायचंय," मी म्हणाले.

"काय?"

"मला मागं बसू द्या. मला आज नाही जमणार."

बसायचंय असं त्या घरात कुठल्या बाईनं कधी म्हटलं नसेल. मग त्यांनी हळूच विचारलं, "गोळ्या कामून नाय घेतल्या?"

"रेष आली होती," मी म्हणाले. "टेस्टमध्ये. चार दिवस येत होती."

"रेष म्हंजी?"

मी मोबाइल काढला, पहिल्या दिवसाचा फोटो उघडला आणि उंबऱ्याबाहेरूनच हात लांब केला. त्यांनी पदराला हात पुसले, मोबाइल घेतला. शिवाशिव वगैरे त्या विसरल्या की त्यांनी ती बाजूला ठेवली, मला माहीत नाही. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्या भिंतीला धरत उठल्या, खिडकीशी गेल्या, मोबाइल जवळ घेतला, लांब धरला, थोडा तिरका केला. अगदी मी करते तसं. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं.

"ही मोठी, अन् तिच्या अंगाला ही," त्या म्हणाल्या.

"तीच," मी म्हणाले.

"फिक्की हाय. पण हाय की."

त्यांनी मोबाइल परत दिला. मागच्या खोलीत जाऊन कोठीशेजारची चटई काढली, ती परत ठेवून दिली आणि स्वतःच्या पलंगावरची गादी ओढत आणून खाली टाकली. गुडघे कुरकुरत होते, मी मदतीला पुढं झाले तर "तू राहू दे" म्हणाल्या. उशी दिली. गरम पाण्याची पिशवी आणून दिली. डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही, ते त्यांना येत नाही. जाताना दार लोटून घेतलं.

थोड्या वेळानं शेजारच्या दोघी-तिघी हाताखाली काम करायला आल्या. स्वयंपाकघर भिंतीपलीकडंच, सगळं ऐकू येत होतं. पुरणयंत्राचा दांडा फिरत होता, थांबत होता, परत फिरत होता. सासूबाईच फिरवत असणार. कुणीतरी विचारलं, "सूनबाई कुठंय? उठली नाय का अजून?"

मला वाटलं, सासूबाई ताप आलाय म्हणतील, नाहीतर बाजूला बसलीय म्हणतील. दोन्ही चाललं असतं.

"झोपलीय. तिला कुणी उठवू नका," सासूबाई म्हणाल्या. "पोटातलं गेलंय तिचं."

पुरणयंत्राचा दांडा थांबला. मग एकीनं हळू आवाजात विचारलं, "अगं बाई. कितवा व्हता?"

"कितवा का असंना," सासूबाई म्हणाल्या. "व्हतं अन् गेलं. ती परात सरकव इकडं."

मी भिंतीकडं तोंड केलं आणि रडले. चार वर्षांत पहिल्यांदा, कुणाला ऐकू जाईल याची पर्वा न करता रडले. पलीकडं पुरणयंत्र परत सुरू झालं होतं, आणि मला गप्प करायला कुणी आलं नाही.